‘जणू’ शिकवणाऱ्या नागवेकर बाई

प्रा. कुमुद नागवेकर एके दिवशी मला न विचारता माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या, आणि तीच आमची पहिली ओळख. रत्नागिरीच्या आमच्या महाविद्यालयात मी मराठीचा अध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. प्रथम वर्षाच्या मुलांना अलंकार शिकवत होतो. माझ्या गुरुजींनी मला सांगितलेले वाक्य मी तितक्याच ठामपणे फळ्यावर लिहिले: अलंकार म्हणजे भाषेचे दागिने. मग उपमा झाली, रूपक झाले, उत्प्रेक्षा झाली. आमचा वर्ग आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक अरुंद व्हरांडा होता. त्या व्हरांड्यात सुती साडीतल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या एक बाई थोडा वेळ थांबल्या आणि सरळ आत आल्या. मुले उठून उभी राहिली. बाईंनी हातानेच त्यांना बसवले आणि मला पुढे चालू ठेवायची खूण केली. त्या भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुख आहेत हे मला ठाऊक नव्हते. संस्थेने माझी परीक्षा घ्यायला कोणाला तरी पाठवले आहे, अशी माझी समजूत झाली आणि उरलेला तास मी घाम पुसत कसाबसा पुरा केला.

मुले पांगल्यावर बाई पुढे आल्या. नाव सांगितले, माझे विचारले आणि म्हणाल्या, “साळवी सर, दागिने काढून ठेवता येतात ना?”

मी हो म्हणालो.

“मग आमच्या विद्युतप्रवाह या शब्दातून पाणी काढून दाखवा.”

बाईंनी खडू उचलला आणि मी लिहिलेल्या वाक्याखाली एकाखाली एक शब्द लिहीत गेल्या. प्रवाह, दाब, लहर, क्षेत्र. वीज वाहताना कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, असे त्या सांगू लागल्या. कोणीतरी कधीतरी म्हणाले असणार की हे जणू पाणी वाहते आहे. मग पुढच्यांनी ते ‘जणू’ गाळले आणि नुसता प्रवाह उरला. तो शब्द काढला तर विजेबद्दल बोलायला तोंडच उरणार नाही. मग तो दागिना कसा? मी विचारले की मग त्याला काय म्हणायचे? बाई हसल्या. “ते तुम्ही सांगायचं. तुम्ही मराठीचे. मला एवढंच सांगा, ज्यात ‘जणू’ येतं त्या अलंकाराला काय म्हणालात मघाशी?”

“उत्प्रेक्षा.”

“तर मग आमचं अर्धं शास्त्र उत्प्रेक्षेत आहे,” असे म्हणून त्यांनी हात झटकले आणि प्रयोगशाळेत निघून गेल्या. त्या दिवशी मी फळा पुसला नाही. दुसऱ्या दिवशी शिपायाने पुसला. पण अलंकार म्हणजे दागिने हे वाक्य मी त्यानंतर पुन्हा कोणत्याही वर्गात लिहिले नाही.

बाई मूळच्या रत्नागिरीच्याच. त्यांचे वडील होड्यांची इंजिने दुरुस्त करत. शाळेतून आल्यावर बंदरावर बसून वडिलांना पाने-पक्कड हातात देता देता त्यांची इंजिनाशी ओळख झाली, आणि तिथूनच भौतिकशास्त्राशी. वडील इंजिनाबद्दल माणसासारखे बोलत. याला सर्दी झाली आहे, हा उपाशी आहे, याला आज राग आला आहे. सर्दी म्हणजे इंधनात पाणी गेले, उपाशी म्हणजे इंधनाच्या नळीत हवा कोंडली, हे लहान कुमुदला न शिकवता कळत गेले. मोठे झाल्यावर पुस्तकात तेच सारे दुसऱ्या भाषेत आले तेव्हा आपल्याला कोणी परके भेटल्यासारखे वाटलेच नाही, असे बाई सांगतात.

त्या पहिल्या भेटीनंतर बाईंनीच प्राचार्यांकडून परवानगी काढली आणि दर शनिवारी दुपारी, नेहमीचे तास संपल्यावर, प्रयोगशाळेत एक जादा तास सुरू झाला. विज्ञानाची मुले यायची, कला शाखेचीही यायची. बाई शिकवायच्या, मी शिकवायचो, आणि बऱ्याचदा आम्ही दोघे मुलांसमोर भांडायचो. वेळापत्रकात या तासाला नाव नव्हते. मुलांनी त्याला ‘जणूचा तास’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसले.

तासाची पद्धत साधी होती. कोणीही एक रूपक आणायचे, विज्ञानातले किंवा स्वतः लिहिलेल्या कवितेतले. मग बाई दोन प्रश्न विचारायच्या. कुठे जुळते? कुठे जुळत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना यायचे. दुसऱ्याला शांतता. बाईंचा सारा जीव त्या दुसऱ्या प्रश्नात होता. अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरतात, हे चित्र शाळेच्या पुस्तकातून प्रत्येकाच्या डोक्यात घट्ट बसलेले असते. बाई ते चित्र आधी प्रेमाने काढायच्या आणि मग कुठे कुठे फसते ते दाखवत स्वतःच्या हाताने पुसायच्या. रूपकाने आपल्याला दारापर्यंत आणले, आता त्याचे आभार मानून आत जायचे, असे म्हणायच्या. ज्याला ते तिथेच सोडता येत नाही त्याला विज्ञान जमत नाही, हा त्यांचा सिद्धान्त.

कवितेच्या बाबतीत मात्र माझे त्यांच्याशी जमेना. माझे म्हणणे असे की कवितेतले रूपक सोडून द्यायचे नसते, त्यातच राहायचे असते. तिथे दुसरा प्रश्न विचारणे म्हणजे फुलाचे वजन करणे. हा वाद कित्येक शनिवार चालला. त्याला वळण दिले एका विद्यार्थिनीने. तिने एक ओळ लिहून आणली होती: ‘माझी आत्या म्हणजे उन्हात वाळत घातलेली आंबापोळी.’ मला ओळ आवडली. बाईंनी सवयीने विचारले, कुठे जुळत नाही? मुलगी म्हणाली, “आंबापोळी वाळली की गोड होते. आत्या वाळली, पण गोड काही झाली नाही.” सगळी प्रयोगशाळा हसली. बाईही हसल्या, पण लगेच थांबून तिला म्हणाल्या, “मग तुझी कविता तिथून सुरू कर.”

तिने केली. आत्याला कोणी गोड होऊ दिले नाही, याची ती कविता झाली. ती ऐकताना आमचे डोळे कोरडे राहिले नाहीत. विज्ञान जिथे रूपक सोडते तिथेच कवितेला बोलण्यासारखे सापडते, हे मला त्या दिवशी उमगले. त्यानंतर वाद संपला असे नाही. पण आम्ही दोघे एकाच वाटेवर उभे राहून दोन दिशांना बघतो आहोत, एवढे दोघांनाही कळले.

स्वतः बाईंनी कधी कविता लिहिली नाही. त्या कविता वाचतात तेही मीटरवरचा आकडा वाचल्यासारखे, सपाट आणि स्पष्ट. एकदा मी त्यांना विचारले, इतके वाचता, मग लिहीत का नाही? त्या म्हणाल्या, पहिली ओळ सुचते, पण दुसरी सुचायच्या आत मीच स्वतःला दुसरा प्रश्न विचारते, आणि पहिली ओळ घाबरून पळून जाते.

याच तासाला निलिमा भेटली. बुरोंडीच्या मासेमारी करणाऱ्या घरातली ही मुलगी रत्नागिरीत मावशीकडे राहून शिकत होती. सहसा बोलत नसे. एका शनिवारी बाई विजेचा प्रवाह शिकवत होत्या. वाडीत पोफळींना पाणी देणारा पाट त्यांनी उभा केला. वर टाकी, टाकीतून उतार, उतारावरून पाणी. उतार जास्त तर दाब जास्त, पाटात पालापाचोळा अडकला तर रोध. मुले माना डोलवत होती. निलिमाने हात वर केला आणि विचारले, “बाई, पाट फुटला तर पाणी बाहेर सांडतं. तार तुटली तर वीज का सांडत नाही?”

बाईंनी खडू खाली ठेवला. हा प्रश्न मला शिकताना पडायला हवा होता, पडला नाही, असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग तिला पुढे बोलावून तिच्याचकडून उत्तर काढून घेतले. पाटात पाणी बाहेरून सोडावे लागते. तारेत मात्र जे वाहायचे ते आधीपासून भरलेलेच असते, आणि तार तुटली की त्याला पुढे जायला वाट राहत नाही. बाई दिवसभर खुशीत होत्या. अध्यापक कक्षात येईल त्याला त्यांनी तो प्रश्न सांगितला.

पण वर्षअखेरीच्या परीक्षेत निलिमा भौतिकशास्त्रात नापास झाली. तिने पाटाबद्दल, पाण्याबद्दल, न सांडणाऱ्या विजेबद्दल पानभर सुरेख लिहिले होते. सूत्र एकही नव्हते, गणित एकही सोडवलेले नव्हते. पेपर बाहेरच्या परीक्षकांनी तपासला होता आणि त्यांनी नियमाप्रमाणेच गुण दिले होते. कक्षात कुजबुज सुरू झाली. कविता शिकवली की असे होणारच, असे एक सहकारी मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. त्याच आठवड्यात निलिमाचे वडील एसटीने रत्नागिरीला आले. होडीवर जाणारे, कमी बोलणारे गृहस्थ. पोरीला घरी नेतो, तिचे बघायला सुरुवात केली आहे, असे त्यांनी प्राचार्यांना सांगितले. त्यात राग नव्हता, नुसता निर्णय होता. निलिमा दाराशी मान खाली घालून उभी होती.

प्राचार्यांनी बाईंना बोलावले. मीही सोबत गेलो, कारण तो तास माझाही होता. बाई त्या गृहस्थांसमोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुमची मुलगी नापास झाली ती माझ्या शिकवण्यात. प्रश्न विचारायला मी तिला शिकवलं, उत्तर परीक्षेत कसं मांडायचं ते शिकवायचं राहिलं. चूक माझी आहे. मला एक वर्ष द्या.”

प्राचार्य चकित झाले. विभागप्रमुखाने पालकासमोर असे बोलायची पद्धत नाही. निलिमाच्या वडिलांनी विचारले, मास्तरीण बाई चूक कबूल करते, म्हणजे पोरीत काहीतरी असेल ना? बाई म्हणाल्या, आहे. एवढ्यावर ते उठले, मुलीला इथेच राहा म्हणाले आणि परतीची गाडी पकडायला निघून गेले.

ती सगळी मे महिन्याची सुटी निलिमा बाईंच्या घरी होती. सकाळी गणिते, दुपारी गणिते, संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फेरी आणि तिथेही वाळूवर गणिते. बाईंच्या यजमानांना, जे बँकेत होते आणि आता आपल्यात नाहीत, चहा करण्याचे काम आपोआप लागले. शनिवारच्या तासाचीही रीत बाईंनी बदलली. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. एका बाजूला रूपक, दुसऱ्या बाजूला समीकरण. दोन्ही बाजू भरल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. कुजबुज करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितले की तुमचा आक्षेप अर्धा बरोबर होता, त्याबद्दल आभारी आहे. उरलेल्या अर्ध्याचे काय, असे त्यांनी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, तो अर्धा चूक होता म्हणून तास चालूच राहील.

निलिमा पुढच्या खेपेला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, पुढे पदव्युत्तर शिकली, आणि आज दापोलीच्या बाजूला भौतिकशास्त्र शिकवते. तिच्याबद्दल थोडे पुढे सांगेन.

आता घरातली गोष्ट सांगतो, जिच्यामुळे बाईंचे नाव आमच्या घरात आजही देवाच्या नावानंतर लगेच येते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, लांज्याजवळच्या आमच्या गावी शेती करत. भाताची शेती, थोडी काजूची बाग, आणि संध्याकाळी देवळात भजन. गावच्या भजनात अप्पांचा पखवाज होता. एका सकाळी काजू गोळा करताना अप्पा बागेत चक्कर येऊन पडले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदयाचे ठोके मधेच चुकताहेत, पेसमेकर बसवावा लागेल. अप्पांनी ऐकून घेतले, चपला घातल्या आणि मला घरी ने म्हणाले. छातीत मशीन बसवून घेणार नाही. का, ते सांगेनात. मी समजावले, आईने समजावले, मुंबईला गिरणगावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने फोनवर आवाज चढवला. अप्पा हूं की चूं करेनात. आणखी एकदा चक्कर आली. त्या वेळी ते विहिरीच्या काठापासून फार लांब नव्हते, हे आठवले तरी अंगावर काटा येतो.

भावाने युक्ती काढली. अप्पांना सांगायचे की तो एक प्रकारचा ताईत आहे, मंतरलेला, आत ठेवला की संकट टळते. अप्पा श्रद्धाळू, लगेच मानतील. मी हे बाईंना अध्यापक कक्षात सांगितले, खरे तर सल्ला म्हणूनही नव्हे, मन हलके करायला. बाई म्हणाल्या, रविवारी मी येते तुमच्या गावाला. ताईत वगैरे तोपर्यंत कोणी काही बोलू नका.

रविवारी सकाळच्या एसटीने बाई लांज्याला उतरल्या. मी स्कूटरवरून त्यांना घरी आणले. पडवीत बसून त्यांनी कोकम सरबत घेतले आणि मशीनचा विषयच काढला नाही. पखवाजाबद्दल विचारत राहिल्या. शाई कशी चढवतात, कणीक कुठल्या बाजूला लावतात, बुवा घाईत आला तर लय कोण सांभाळतो. अप्पा खुलले. कित्येक दिवसांनी मी त्यांना एवढे बोलताना पाहत होतो. मग बाईंनी हळूच सांगितले की हृदयालाही एक लय असते, ती आतल्या आत छोट्या विजेवर चालते, आणि तुमची ती लय अधूनमधून सुटते आहे. हे मशीन म्हणजे जणू भजनातली झांज. ती लय धरून ठेवील.

अप्पांनी मान हलवली. “झांज तर सारखी वाजते, बाय. तुमचा मशीन सारखा वाजतो काय?”

बाई म्हणाल्या, नाही. ठोका वेळेवर पडला तर ते गप्प बसते. चुकला तरच एक धक्का देते.

“मग ती झांज नाय,” अप्पा म्हणाले. “तो आमचा धाकू तात्या.”

धाकू तात्या हे गावातले वयोवृद्ध गृहस्थ. ते भजनात मागे भिंतीला टेकून डोळे मिटून बसत. गात नसत, वाजवत नसत. पण लय घसरली की त्यांचा हात मांडीवर थापटी द्यायला लागे आणि सगळे भजन जागेवर येई. बाईंनी हे ऐकले आणि त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझ्या आईला हाक मारून परत ते सगळे सांगायला लावले. माझे रूपक चुकले होते, अप्पांचे बरोबर आहे, असे त्या दोनतीनदा म्हणाल्या.

पण अप्पा हसले नाहीत. त्यांनी सुपारी कातरता कातरता, अडकित्त्याकडे बघत, विचारले ते आम्ही इतके दिवस ऐकू शकलो नव्हतो. “आनि भजन सपल्यावं? समदी उठून गेली नि तात्या एकलाच थापट्या मारीत बसला तं? मना सुटाय देल काय तो?”

तेव्हा मला कळले. अप्पांना मरणाची भीती नव्हती. मशीन आपल्याला मरू देणार नाही, याची होती. आमच्याच एका नातेवाइकांना त्यांनी शेवटच्या दिवसांत नळ्यांमध्ये गुंतलेले पाहिले होते, आणि ते त्यांच्या मनातून गेले नव्हते.

बाई विचार करून म्हणाल्या, “अप्पा, खोटं सांगत नाही. तात्या थापट्या मारत बसेल. पण गाणाराच उठून गेला तर नुसत्या थापट्यांनी गाणं होत नाही. हे मशीन हृदयाला आठवण करून देतं, बस. हृदयाने ऐकायचं सोडलं की त्याचं काही चालत नाही. ते तुम्हाला अडवून ठेवणार नाही.”

अप्पांनी सुपारी तोंडात टाकली. आईने डोळ्याला पदर लावला होता. थोड्या वेळाने अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, “डाक्तरला सांग, बसवूया.”

लांज्याच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघताना मी बाईंना म्हणालो, ताईत सांगितला असता तर एका वाक्यात काम झाले असते. बाई म्हणाल्या, झाले असते, पण मग ज्या माणसाने एवढा नेमका प्रश्न मनात धरून ठेवला होता, त्याला तो विचारायची वेळच आली नसती. ताईत हेही रूपकच होते, साळवी सर. फक्त ते प्रश्न बंद करणारे होते. पुढे त्या काही बोलल्या नाहीत, कारण गाडी आली, आणि एसटीत जागा पकडताना बाई शास्त्र आणि काव्य दोन्ही विसरतात.

अप्पांना पेसमेकर बसला. त्यांनी त्याचे नावच धाकू तात्या ठेवले. रत्नागिरीला तपासणीला जाताना ते शेजाऱ्यांना सांगत, जरा तात्याला दाखवून येतो. खऱ्या धाकू तात्यांना ही बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, माझे नाव वापरता तर गणपतीला एक नारळ माझ्या नावाचाही फोडा. अप्पांनी दरवर्षी फोडला. त्यानंतर कित्येक गणपती त्यांनी पखवाज वाजवला, आणि एका वर्षी भात झोडून झाल्यावर, घरी, झोपेत, शांतपणे गेले. कोणी त्यांना अडवून ठेवले नाही. बाई भेटायला आल्या तेव्हा आईने त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

सेवानिवृत्तीनंतर माणसे विश्रांती घेतात असे ऐकून आहे. बाईंनी पत्र्याची एक ट्रंक घेतली, त्यात भिंगे, चुंबक, तारा, बॅटऱ्या भरल्या आणि गावोगावच्या शाळांत जायला सुरुवात केली. तिथे त्यांची एक पद्धत आहे. पुस्तकातला शब्द आधी सांगायचा नाही. आधी दाखवायचे आणि मुलांना त्यांच्या बोलीत नाव ठेवू द्यायचे. पाण्यात तिरकी ठेवलेली काठी मोडल्यासारखी दिसते, याला एका शाळेतल्या मुलांनी ‘काठी लचकली’ म्हटले. त्या शाळेत नंतर अपवर्तन हा शब्द आला तेव्हा तो कोणाला अवघड वाटला नाही, कारण ती लचक आहे हे सगळ्यांना आधीच माहीत होते. अर्थात कुठे जुळत नाही, हे बाईंनी तिथेही विचारले. एक मुलगी म्हणाली, बाई, लचकली की दुखते, काठीला दुखत नाही. बाईंनी तिला एक भिंग बक्षीस दिले. असे दिलेले भिंग कधी परत आले नाही, आणि बाईंनी ते मागितलेही नाही.

गेल्या वर्षी त्या दापोलीला निलिमाच्या वर्गात गेल्या. तिकडे रेल्वे नाही. एसटीचा घाटातला लांबचा प्रवास, कंबर दुखत असताना, त्यांच्या मुलीने नको म्हटले तरी बाईंनी केला. मीही बरोबर होतो. निलिमाला न कळवता आम्ही दोघे शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिने पाहिले, क्षणभर थबकली आणि शिकवत राहिली. योगायोगाने त्या दिवशी विद्युतप्रवाहच होता. मी मनात म्हटले, आता पाट येणार, पोफळी येणार. पाट आला नाही. निलिमाने वर्गात सायकल आणून उलटी उभी केली होती. तिने पायडल फिरवले आणि विचारले, पायडल इथे फिरते तर मागचे चाक लगेच कसे फिरते? साखळी दुव्यांनी आधीपासून भरलेली आहे म्हणून. साखळीचा एक दुवा तुटला तर? सगळीच थांबते, काही सांडत नाही. मग तिने फळ्यावर उभी रेघ मारली आणि समीकरणाकडे वळली.

मी बाईंकडे पाहिले. ज्या रूपकाने त्यांनी आयुष्यभर शिकवले होते ते त्यांच्या सर्वांत लाडक्या विद्यार्थिनीने टाकून दिले होते. बाईंचे डोळे भरले होते आणि चेहरा असा उजळला होता की वर्गातली मुले मागे वळून बघू लागली. तास संपल्यावर त्यांनी निलिमाला जवळ घेतले आणि म्हणाल्या, “माझ्यापेक्षा बरं शिकवलंस.” मग थोडे थांबून, “पण साखळीला घर्षण असतं, तारेतलं ते कुठे बसवशील?” दोघी तिथेच बाकावर बसून वाद घालू लागल्या आणि आमची परतीची गाडी चुकली.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा आम्ही मंडळी बाईंची संमती घ्यायला त्यांच्या घरी गेलो. बाईंनी संमती दिली, पण एका अटीवर. लेखकांना सांगा, मला दीपस्तंभ म्हणू नका. रत्नागिरीच्या मुलीला तरी ते शोभत नाही. दीपस्तंभ होडीला सांगतो की इकडे खडक आहे, लांबून जा. माझ्याकडे तर माणसे यावीत असे मला वाटते. कोणीतरी म्हणाले, मग वटवृक्ष? बाई म्हणाल्या, त्याच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही. आणि सागरासारखे मन वगैरे लिहाल तर सांगून ठेवते, तो खारट असतो. आम्ही हसत हसत उठलो, पण घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा माझी पंचाईत झाली. गौरवलेखात जी जी विशेषणे हाताशी असतात, ती सगळी बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत काढून घेतली होती.

म्हणून शुभेच्छाही साध्या शब्दांतच देतो. बाईंच्या कंबरेचे दुखणे कमी व्हावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, ते नीट पार पडावे आणि त्यांना पूर्वीसारखे बारीक अक्षर वाचता यावे. साखर ताब्यात राहावी, म्हणजे आंब्याच्या दिवसांत मुलीने त्यांच्या पुढ्यातली फोड उचलून घेऊ नये. त्यांना एसटीत खिडकीची जागा मिळावी. शंभर वर्षे आणि त्याहून अधिक त्यांनी आमच्यात असावे, आणि ती सारी वर्षे त्यांना चालता-बोलता, भांडता यावे.

नागवेकर बाई आम्हाला हव्या आहेत. यापेक्षा वेगळे काही मला म्हणायचे नाही.